साइट बंद पडू द्यायची नाही

काका, तुमचा पासवर्ड सापडला. आधी तेवढंच सांगते, कारण त्यावरून मी अजून तुमच्यावर रागावलेली आहे. गेलेल्या माणसावर रागवायचं कसं, हे मला नीट जमत नाहीये. तरी रागावलेय.

सात वर्षं मी तुमच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत येत होते. खाली तांबट आळीतले ठोके, वर तुमच्या कॉम्प्युटरचा तो भराभर बोलणारा आवाज. आयुष्यभर बँकेच्या टेलिफोन बोर्डावर बसलेल्या, जन्मापासून न दिसणाऱ्या माणसानं फक्त त्या आवाजाच्या आधारानं अख्खी साइट बांधली, हे मी ऑफिसात सांगायचे तेव्हा लोक म्हणायचे, वा, किती प्रेरणादायी. तो शब्द तुमच्या कानावर आला असता तर तुम्ही म्हणाला असता, "त्यांना सांग, प्रेरणा नको, नाव नोंदवा."

पहिल्या पानावर दोनच ओळी. 'लेखनिक हवा आहे' आणि 'लेखनिक व्हायचे आहे'. ना चित्र, ना रंग. ज्यांना दिसत नाही त्या विद्यार्थ्यांनी पहिल्या ओळीवर जायचं, परीक्षा, दिवस आणि केंद्र लिहायचं. त्यांच्यासाठी पेपर लिहून देणाऱ्यांनी दुसऱ्या ओळीवर. मग साइट त्या भागातल्या सगळ्या लेखनिकांना मेल पाठवायची, आणि अर्ध्या तासात कुणाचं ना कुणाचं 'मी येतो' यायचं. नाही आलं तर तुम्ही फोन घेऊन बसायचात.

मीही तशीच आले होते, कॉलेजात असताना, लेखनिक म्हणून. पहिला पेपर लिहून आले आणि मोठ्या तोऱ्यात तुम्हाला सांगितलं की त्या मुलाचं एक उत्तर चुकत होतं, ते मी हळूच दुरुस्त केलं. तुम्ही म्हणालात, "तू त्याचा हात आहेस. डोकं त्याचं त्याला आहे." मी रडवेली झाले. काकूंनी आतून लाडू आणून दिला, तुम्ही मात्र माझ्याकडून पुढचे तीन पेपर लिहून घेतलेत आणि प्रत्येक पेपरानंतर विचारलंत, "आज दुरुस्त्या किती?" एकही नाही, असं तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा कुठे साइटच्या आतली दारं तुम्ही मला उघडून दाखवलीत.

आतली म्हणजे जवळजवळ सगळी. एक सोडून.

जानेवारीच्या शेवटी ते पत्र आलं. आपला सर्व्हर ज्यांच्याकडे होता ते छोटं ऑफिस आवरतं घेत होते. त्यांचं जुनं यंत्र फेब्रुवारीच्या अखेरीला बंद होणार, त्याआधी आपापलं सामान हलवा. फेब्रुवारी म्हणजे बारावी. त्यामागून दहावी. वर्षभरातल्या निम्म्या विनंत्या याच दिवसांत येतात. म्हणजे हलवायलाच हवं, आणि हलवायला याहून वाईट वेळ नाही.

त्या रविवारी मी हिंजवडीहून दीड तास गाडी हाकत आले. दारातच तुम्ही सुरू केलंत. "या हिंजवडीकर! आम्हाला वाटलं, सिग्नललाच निवृत्त होताय."

मी प्लॅन मांडला. साइटवर सूचना लावू, दोन तास बंद ठेवू, सगळं नव्या सर्व्हरवर उचलून नेऊ, पत्ता बदलू, सुरू करू. जमलं तर फॉर्मही नवा करू, तारीख निवडायला छानसं कॅलेंडर देऊ.

"कॅलेंडर तुला दिसतं," तुम्ही म्हणालात. "मला नुसतं ऐकू येतं, बटण, बटण, बटण. फॉर्मला हात लावायचा नाही."

"बरं. आणि दोन तास?"

"दोन तास बंद? मग त्या बारावीच्या पोरीला सांग, बाई, दोन तास डोळस हो."

तुम्हाला हवं होतं ते मला अति वाटत होतं. बँकेत बोर्ड बदलला तेव्हा जुना आणि नवा दोन्ही आठवडाभर चालू ठेवले होते, दोन्हींवर माणूस बसवला होता, असं तुम्ही सांगत होता. जुन्या बोर्डावर कुणी रिंग दिली तरी फोन उचलला गेला पाहिजे. मी म्हणत होते, काका, तो टेलिफोन होता. हे वेगळं आहे. "वेगळं काय आहे?" "सगळंच." "सगळंच म्हणजे तुला सांगता येत नाही." मग तुम्ही विचारलंत, "आणि मेल? नव्या जागेवरून मेल जातील?" मी म्हणाले, "ते जातात हो आपोआप."

आवाज वाढत गेले. काकू दाराशी येऊन उभ्या राहिल्या. आणि मी ते वाक्य बोलले. "काका, साइट मुलांची आहे, तुमची नाही. तुमच्या हट्टापायी ती बुडेल."

मी बॅग उचलली. जिन्यापर्यंत पोचले तेव्हा मागून तुमचा आवाज आला. "खालून तिसरी पायरी फुटलीय. बघून उतर."

तेच शेवटचं. पुढच्या गुरुवारी तुम्ही कोथिंबीर आणायला खाली उतरलात आणि कोपऱ्यावरच्या दुकानाच्या फळीवर बसलात ते उठला नाहीत. मी पोचेपर्यंत तुमच्या खोलीत सतरंज्या घातलेल्या होत्या.

तिथे बसल्या बसल्या माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, आणि तिची मला लाज वाटत होती. साइटचा पत्ता ज्या खात्यावर आहे, त्याचा पासवर्ड फक्त तुम्हाला माहीत होता. सर्व्हर कितीही हलवला तरी 'या नावाच्या साइटला आता इकडे या' हे सांगायची जागा त्या खात्यात. मी तुम्हाला शंभरदा म्हटलं होतं, मला देऊन ठेवा. तुम्ही म्हणायचात, "मी कुठे चाललोय?"

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी काकूंना विचारलं. त्या उठल्या आणि कपाटातून पत्र्याचा डबा घेऊन आल्या. आत जाड कागदांचे तुकडे, सगळे टिंबाटिंबांचे. "सगळं ब्रेलमध्ये ठेवायचे," त्या म्हणाल्या. "चोर आला तर वाचता येऊ नये म्हणून. बायकोलाही येणार नाही, हे त्यांच्या लक्षातच नाही आलं."

आम्ही दोघी त्या डब्याकडे बघत बसलो. चार डोळे आणि उपयोग शून्य.

मी संगीताला बोलावलं. वाशीमची संगीता, बँकेच्या परीक्षा देणारी, जिला तुम्ही सलग पाच परीक्षांना लेखनिक मिळवून दिलात ती. सदाशिव पेठेतल्या खोलीवरून काठी टेकत ती तासाभरात आली. तुमच्या खुर्चीवर बसायला तयार होईना, जमिनीवरच बसली. एकेक कागद बोटांनी वाचत गेली. विजेचा ग्राहक क्रमांक, गॅसचा नंबर, कुणाकुणाचे फोन. अकराव्या कागदावर तिची बोटं थांबली.

"साइटचं नाव आहे वर. खाली रोमन अक्षरं आहेत. के, यू, एन, ए, एल, ए, एच, आय..." ती वाचता वाचता हसायला लागली. "ताई, 'कुणालाही सांगू नकोस' असं लिहिलंय! आणि शेवटी काहीतरी आहे, जी किंवा सात. ब्रेलमध्ये दोन्हींना खूण एकच, अंकाच्या आधी फक्त एक वेगळी खूण येते. तिथंच कागद दबलाय."

काका, तेव्हा आम्ही तिघी हसलो. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा. काकू तर डोळे पुसत हसत होत्या.

मी 'जी' घालून बघितलं. चुकीचा. 'सात' घालून बघितलं. चुकीचा. स्क्रीनवर लाल अक्षरं आली की आता एकदाच संधी आहे, नंतर खातं बंद होईल आणि मालकानं ओळखपत्रासह अर्ज करायचा. मालक कुठून आणायचा? जुनं यंत्र बंद व्हायला नऊ दिवस राहिले होते.

"थांबा, ताई," संगीता म्हणाली. तिनं कागद उलटा केला आणि मागच्या बाजूनं खड्डे चाचपडले, एकेक, फार सावकाश. काकूंनी खिडकी लावून घेतली, ठोक्यांचा आवाज येऊ नये म्हणून. "सातच आहे. मागून खूण लागते. आणि ताई, पहिल्या अक्षराच्या आधी एक टिंब आहे. पहिलं अक्षर मोठं आहे."

मोठा के. मी दोनदा तपासून बटण दाबलं. उघडलं.

संगीता म्हणाली, "काका काही सोप्पं ठेवणार होते का?"

आता खरं सांगते. त्या क्षणी माझ्या हातात सगळं होतं आणि तुम्ही अडवायला नव्हता. दोन तास बंद ठेवून उरकता आलं असतं. मी घरी जाऊन सूचनेचा मजकूर लिहायलाही घेतला. 'साइट रविवारी सकाळी दोन तास...' त्यापुढे लिहिता येईना. मग तो खोडला आणि तुमच्या पद्धतीनं सगळं पहिल्यापासून मांडलं.

साइटची एक नक्कल नव्या सर्व्हरवर उभी केली, कुणाला माहीत नसलेल्या पत्त्यावर. फॉर्मला हात लावला नाही. संगीताला म्हटलं, तू तुझ्या फोनच्या आवाजावर सगळं चालवून बघ. तिनं दोन दिवस बघितलं आणि एकच चूक काढली, पण कसली! मराठी नावं नव्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा होऊन आली होती. ती दुरुस्त केली. मग पत्त्याच्या नोंदीत बदल केला. एरवी लोकांची यंत्रं एखाद्या साइटची जागा दिवसभर लक्षात ठेवतात आणि जुन्याच ठिकाणी जात राहतात, त्यांना सांगून ठेवलं की दर पाच मिनिटांनी नव्यानं विचारा. तरीही काही यंत्रं ऐकत नाहीत. म्हणून जुन्या सर्व्हरवरचा फॉर्म असा जोडला की तिथे कुणी काही भरलं तरी ते नव्या यादीतच येऊन पडेल. दोन्ही बोर्ड चालू, दोन्हींवर माणूस. तुम्ही म्हणाला होता तसंच.

रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन तुमच्याच खोलीत बसले. खुर्चीत मीही बसले नाही. साडेनऊला पत्ता बदलला. काकू शेजारी हाताची घडी घालून उभ्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. नव्या सर्व्हरवर पहिला माणूस आला, मग दुसरा. जुन्यावरून भरलेली एक नोंदणीही नव्या यादीत अलगद येऊन बसली. एक मिनिटही काही बंद पडलं नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की मी काकूंना म्हटलं, आता पोहे करा.

सव्वादोनला मी सहज यादी उघडली. सकाळी नऊ चाळीसची एक विनंती होती. बारावीची मुलगी, सोमवारी सकाळी अकराचा पेपर, केंद्र सातारा रस्त्यावरचं. ठरलेल्या लेखनिकाला कांजिण्या आल्या आहेत, तातडीनं दुसरा हवा. तिच्यापुढे उत्तराची जागा रिकामी. साडेचार तास झाले होते आणि एकाही माणसानं 'मी येतो' म्हटलं नव्हतं. असं कधी होत नाही.

मेल गेलेच नव्हते, काका. एकही. नव्या जागेवरून आपल्या नावानं मेल पाठवायची परवानगी पत्त्याच्या नोंदीत लिहावी लागते. एक ओळ असते. ती मी लिहिली नव्हती. सगळे मेल समोरून परत येत होते आणि एका कोपऱ्यात साठत होते. तुम्ही विचारलं होतंत. नेमकं तेच विचारलं होतंत.

ती ओळ मी लिहिली, पण ती सगळीकडे पोचायला वेळ लागणार होता. मुलीच्या आईला फोन लावला. नाव सांगायच्या आत त्या म्हणाल्या, "अहो, सकाळपासून वाट बघतोय आम्ही. एरवी काका तासाभरात फोन करतात. बरे आहेत ना ते?"

काकू समोर उभ्या होत्या. फोन स्पीकरवर होता.

मी म्हणाले, "त्यांनीच सांगितलंय मला करायला."

खोटं बोलले. पण काकूंनी मान हलवली.

लेखनिक विद्यार्थ्यापेक्षा खालच्या वर्गातला हवा, म्हणजे अकरावीपर्यंतचा. आणि बदललेल्या लेखनिकाचा कागद केंद्रप्रमुखांच्या सहीनं पेपरच्या आधी पूर्ण व्हायला हवा. मी यादी काढली. त्या भागातली सतरा नावं. निम्मी मी घेतली, निम्म्यांचे नंबर वाचून दाखवले आणि काकूंनी फोन लावले. मला वाटलं होतं त्या अडखळतील. छे! "नमस्कार, कसबा पेठेतून बोलतेय. तुमच्या मुलानं लेखनिक म्हणून नाव दिलंय. उद्या अकराला पेपर आहे. हो किंवा नाही एवढंच सांगा, मला पुढचा फोन लावायचाय." इतकी वर्षं पलीकडच्या खोलीतून ऐकून ऐकून त्यांनी तुमचा सूर जसाच्या तसा उचललेला होता.

कुणी गावाला, कुणाचा स्वतःचा पेपर, कुणी उचलेना. एक आई म्हणाली, "ऐन वेळी काय हे?" मी ऐकून घेतलं, कारण चूक माझीच होती. चार वाजले, साडेचार झाले. मुलीची आई दर पंधरा मिनिटांनी फोन करायची आणि काही न विचारता नुसती "हॅलो" म्हणून थांबायची.

तेरावं नाव स्वाती. अकरावी, बिबवेवाडी. फोन तिच्या वडिलांचा. पलीकडे प्रचंड गलका.

"जोरात बोला मॅडम, मार्केट यार्डात हाय मी. गाडी खाली करतोय."

मी ओरडून सांगितलं. ते आधी कुणाला तरी म्हणाले, "ए, ती पोती थांबीव जरा." आणि मला, "त्या पोरीला दिसत नाही आन् उद्या पेपर हाय. असंच ना?"

"हो."

"मग इचारता काय? किती वाजता आणू ते सांगा."

मी फोन ठेवला. काकूंनी यादी उलटी घालून ठेवली आणि आत जाऊन तोंडावर पाणी मारून आल्या.

सोमवारी मी सुट्टी टाकली आणि साडेनऊला केंद्रावर पोचले. स्वातीचे वडील पंचवीस मिनिटं आधीच येऊन उभे होते. केंद्रप्रमुख आधी म्हणाले, आदल्या दिवशी का नाही आलात. मी म्हणाले, चूक माझी आहे, मुलीची नाही. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि सही केली. दोन मुली हात धरून आत गेल्या. जाताना मी स्वातीला थांबवलं आणि म्हटलं, "ती सांगेल तेवढंच लिहायचं बरं का. चुकीचं वाटलं तरी." ती म्हणाली, "माहितीय. साइटवर लिहिलंय तसं." कधी लिहिलंत ते तुम्ही? मी आजवर वाचलंच नव्हतं.

दुपारी मुलीच्या आईचा फोन आला. पेपर झाला. शेवटच्या प्रश्नाला वेळ कमी पडला, बाकी सगळं लिहून झालं. मी गाडी चांदणी चौकाच्या अलीकडे बाजूला घेतली आणि रडले. तुमच्यासाठी रडले की त्या साडेचार तासांसाठी, माहीत नाही.

काका, तुमचा दोन बोर्डांचा हट्ट बरोबर होता. पासवर्डचा नव्हता. मी दोन तासांबद्दल चुकले, मेलबद्दल चुकले. आणि साइट तुमची नाही असं म्हणाले, त्याबद्दल तर बोलायलाही जागा उरलेली नाही. तुम्ही त्यावर काय म्हणाला असता, ते मी सात वर्षांच्या अनुभवावरून बनवू शकते, पण तसं करणार नाही. तुमचं वाक्य मी दुरुस्त करायचं नसतं.

एक राहिलं. जुनं यंत्र बंद व्हायच्या तीन दिवस आधीपासून मी बघत होते, तिथे अजून कुणी जातंय का. कुणीच नव्हतं. फक्त रोज सकाळी सहाला एकदा, एकाच ठिकाणाहून कुणीतरी यायचं, काही न भरता निघून जायचं. पहिल्या दिवशी वाटलं, असेल काहीतरी फिरतं यंत्र. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा. तिसऱ्या दिवशी मी येणाऱ्या यंत्राचा इंटरनेटवरचा क्रमांक नीट बघितला, तो तुमच्या घरचा वाटला, आणि काकूंना फोन केला.

"काकू, काकांचा कॉम्प्युटर चालू आहे का?"

"रोज सहाला बोलतो तो. आज किती विनंत्या बाकी आहेत ते सांगतो. त्यांनीच लावून ठेवलंय. बंद कसा करायचा मला माहीत नाही." मग म्हणाल्या, "आणि करायचाही नाहीये."

तुम्ही त्याला साइटचं नाव न देता थेट जुन्या यंत्राचा क्रमांकच देऊन ठेवला होता. ते यंत्र बंद झालं असतं, आणि काकूंच्या घरात सहाला काही वाजलं नसतं.

मी तशीच कसबा पेठेत आले. तुमची फाइल उघडली, एक ओळ बदलली, नवा क्रमांक घातला. काकूंना काही समजावलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी जुनं यंत्र बंद करायचा होकार मी पाठवला.

आज सकाळी सहा वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला. काकूंचा.

"अनघा, उठलीस का? दोन बाकी आहेत म्हणतोय. एक तू घे, एक मी घेते."